घाटावरच्या बाईला नाव कधी मिळणार?

(ब्रह्मपुरी येथील महिला मेळाव्यात केलेल्या भाषणाचा मजकूर)



सकाळपासून इथे दारू, रेशन, वनहक्क, मजुरी यांवर बोलणं झालं. मला दिलेला विषय त्यामानाने लहान वाटेल. विषय आहे डोंग्याचा. वैनगंगेच्या या काठावरून त्या काठावर पायी जाणारी बाई कशात बसून जाते, किती पैसे देते, आणि नाव उलटली तर तिची विचारपूस कोण करतं, एवढंच मला बोलायचं आहे. पण या लहान विषयातून मजुरी, दवाखाना, शाळा, ग्रामपंचायत असे सगळे मोठे विषय बाहेर येतात. म्हणून थोडा धीर धरून ऐका.

नदी एक, जिल्हे दोन

वैनगंगा मध्य प्रदेशातल्या शिवनी जिल्ह्यात उगम पावते, बालाघाट, भंडारा करत आपल्याकडे येते आणि पुढे चपराळ्याजवळ वर्धेला मिळून प्राणहिता होते. आपल्या भागात तिच्या एका अंगाला ब्रह्मपुरी, सावली, मूल आणि दुसऱ्या अंगाला वडसा, आरमोरी, गडचिरोली, चामोर्शी. 26 ऑगस्ट 1982 पर्यंत हे दोन्ही काठ एकाच चंद्रपूर जिल्ह्यात होते. त्या दिवशी गडचिरोली वेगळा जिल्हा झाला आणि नदीचा बराच भाग जिल्ह्याची सीमा झाला. कागदावर रेघ ओढली गेली. बायांचं जाणं-येणं मात्र थांबलं नाही. माहेर एका काठाला, सासर दुसऱ्या काठाला. शेत इकडे, मजूर तिकडे. दवाखान्यासाठी अख्खा वडसा-आरमोरी भाग ब्रह्मपुरीला येतो, हे तुम्हाला मी सांगायला नको.

पण सीमा झाल्यामुळे एक गोष्ट घडली. नदीच्या मधोमध काही झालं तर ते कोणाच्या हद्दीत, हा पहिला प्रश्न होतो. दोन जिल्हाधिकारी, दोन पोलीस अधीक्षक, दोन्ही बाजूला दोन तहसील. घाटाचा हा काठ एकाकडे, तो काठ दुसऱ्याकडे आणि मधलं पाणी कोणाचंच नाही. आपल्याच तालुक्यात लाडज गाव आहे, चारी बाजूंनी वैनगंगेने वेढलेलं. तिथल्या बाईला पीठ दळायचं असो की बाळंतपणाला जायचं असो, आधी पाण्याचा विचार करावा लागतो. 2020 च्या ऑगस्टअखेर गोसेखुर्दचे सगळे 33 दरवाजे उघडले, नदीकाठची गावं पाण्यात गेली, तेव्हा लाडजच्या लोकांना बाहेर काढायला बचाव पथकं आणावी लागली. महापुरात नाव येते, कॅमेरे येतात. उरलेल्या दिवसांत तिथली बाई कशी ये-जा करते, हे पाहायला कोणी येत नाही.

23 जानेवारी 2024

ही तारीख लक्षात ठेवा. चामोर्शी तालुक्यातल्या गणपूरच्या सात मजूर बाया त्या दिवशी सकाळी मिरची तोडायला नावेतून निघाल्या. शेत पलीकडच्या काठाला, चंद्रपूर जिल्ह्यात. नदीच्या मध्ये नाव उलटली. एक बाई वाचली. सहा बुडाल्या.

पूर नव्हता. पावसाळा नव्हता. जानेवारीतली नदी होती आणि दिवस उजाडलेला होता. म्हणजे निसर्गावर ढकलायला काही जागा नाही. त्या बाया सहलीला निघाल्या नव्हत्या, देवदर्शनालाही नाही. त्या कामावर जात होत्या. कारखान्यात जाताना सहा कामगार असे मेले असते, तर कामगार खातं, विमा, चौकशी असं काहीतरी सुरू झालं असतं. शेतमजूर बाईचा कामावर जाण्याचा रस्ता मात्र कोणाच्याच खात्यात मोडत नाही.

आपल्या भागातल्या मिरची तोडणीचं काम तुम्हाला माहीत आहे. हंगामात इथल्या बाया तेलंगणापर्यंत जातात. तोडलेल्या मालावर मजुरी मिळते, म्हणून लवकर पोचणारीला जास्त तोडता येतं. उशीर म्हणजे मजुरीत घट. अशा वेळी नावेत एक बाई जास्त झाली, तर "मी मागच्या फेरीला येते" असं कोण म्हणेल? दुसरी फेरी अर्ध्या-पाऊण तासाने. तोवर पहिलीचं ओझं भरत आलेलं असतं. गर्दी करण्याचा दोष बायांवर टाकायच्या आधी हा हिशोब मांडला पाहिजे.

आता भरपाईचं बघा. महाराष्ट्रात गोपीनाथ मुंडे यांच्या नावाने शेतकरी अपघात योजना आहे. पाण्यात बुडून मृत्यू झाला तर दोन लाख रुपये मिळतात. पण कोणाला? ज्याच्या नावे सातबारा आहे त्या खातेदार शेतकऱ्याला आणि त्याच्या घरातल्या एका व्यक्तीला. भूमिहीन मजूर बाई त्यात येत नाही. शेत तिच्या हातांवर चालतं, पण शेतकरी अपघात योजनेत ती शेतकरी नाही. तिच्या मरणाचं काय करायचं, हे दर वेळी वरून विशेष बाब म्हणून ठरतं. मदत मिळाली तर ती कृपा होते, हक्क होत नाही.

'घाट' म्हटलं की रेती

तहसील कचेरीत जाऊन 'घाट' हा शब्द काढा. समोरचा बाबू रेतीघाटाची फाईल उघडेल. कोणत्या घाटाचा लिलाव झाला, किती ब्रास रेती, किती महसूल, सगळं लिहिलेलं असतं. पण ज्या घाटावरून रोज बाया, पोरी, म्हातारी माणसं नदी ओलांडतात, त्या घाटांची यादी मागा. किती घाट, किती डोंगे, किती माणसं रोज जातात, कोण नावाडी, याचा कागद हाती पडणं कठीण. मापायची नदी ती रेतीची. माणसांची नदी मोजायची पद्धतच नाही.

याचा परिणाम पात्रातही दिसतो. उन्हाळ्यात नदी उतरली की बाया पाण्यातून चालत जातात. पूर्वी कुठे किती पाणी ते ठाऊक असायचं. आता रेती उपसून जिथे-तिथे खड्डे झाले. गुडघाभर पाण्यातून एक पाऊल पुढे टाकलं की डोक्यावरून पाणी. आपल्याकडे मुलं उन्हाळाभर नदीत डुंबत पोहायला शिकतात. मुलीला बारा वर्षांची झाली की नदीवर पोहू देत नाहीत. धुणं धुवायला मात्र पाठवतात. मग तीच मुलगी मोठी होऊन नऊवार किंवा गोल पातळात, डोक्यावर ओझं घेऊन नाव पकडते. ओलं पातळ पायात गुंडाळलं जातं. पोहणं येत नाही ही बाईची उणीव म्हणून सांगितली जाते. तिला पोहू कोणी दिलं नाही, हे सांगितलं जात नाही.

आणखी एक पाहा. गडचिरोलीत 1993 साली दारूबंदी झाली, त्यासाठी तिथल्या बाया किती झगडल्या ते आपल्याला माहीत आहे. चंद्रपूरची बंदी 2015 ला आली आणि 2021 ला उठवली गेली. म्हणजे आज पुन्हा एका काठाला दुकान आणि दुसऱ्या काठाला बंदी. डोंग्यातून दारू पार होते अशा बातम्या येतात आणि पोलीस घाटावर लक्ष ठेवतात. ठेवावंच. पण नावेत पेटी आहे का हे बघणाऱ्याला नावेत भोक आहे का हेही बघता येईल. तेवढं कोणी त्याला सांगितलेलं नाही.

पूल झाला, मग आता काय?

हा विषय काढला की साहेब लोक एकच उत्तर देतात: पूल बांधू. पूल पाहिजेतच. वडशाचा आणि आरमोरीचा पूल नसता तर आज हा मेळावा झाला नसता. माझं म्हणणं पुलाविरुद्ध नाही. पण पूल कोणासाठी जवळ असतो, ते विचारा.

समजा, बाईचं गाव नदीकाठी आहे आणि तिचं कामाचं शेत समोरच्या काठाला. डोंग्याने अर्धा तास. पूल पंधरा किलोमीटर वर. ज्याच्याकडे मोटारसायकल आहे तो वळसा घालून जाईल. बाईला आधी तालुक्याच्या गावी जाणारी एस.टी. पकडावी लागेल, तिथून दुसरी, मग पुन्हा पायी. कामाची वेळ संपलेली असेल. पूल चाकांना जवळ करतो. पायांना तो तेवढाच जवळ करतो असं नाही. घरात गाडी असली तरी ती नवऱ्याकडे, नाहीतर पोराकडे असते. म्हणून नदीच्या घाटावर तुम्हाला बायाच जास्त दिसतात.

पैशाचंही बघा. 17 मार्च 2023 पासून एस.टी.मध्ये बाईला अर्धं तिकीट आहे. चांगली गोष्ट आहे, आपण तिचं स्वागत केलं. शाळेच्या मुलींना एस.टी.चा मोफत पास आहे. पण ही सगळी सवलत जिथे एस.टी. जाते तिथली. जिच्या गावाला एस.टी. नाही आणि जिचा रस्ताच पाण्यातून आहे, तिला डोंग्याचे पूर्ण पैसे पडतात, जातानाचे आणि येतानाचे. सरकारने बाईच्या प्रवासाचा विचार केला, पण बाई म्हणजे बसमध्ये बसणारी बाई असं धरून केला.

डोंग्यातही हाच क्रम लागतो. आता कित्येक घाटांवर मोटारसायकल नावेत चढवतात. गाडीचे पैसे जास्त, म्हणून गाडी आधी. उरलेल्या जागेत माणसं. काठावर चिखल, पायरी नाही, फळी नाही. पोटुशी बाई, म्हातारी, पायाने अधू मुलगी गुडघाभर पाण्यात शिरून, कोणाच्या तरी खांद्याला धरून चढते. गाडी चढवायला मात्र चार जण हात लावतात.

बाकीच्या ठिकाणी काय आहे

आपल्याच राज्यात कोकणात खाड्यांवर मोठ्या फेरीबोटी चालतात. दाभोळ ते धोपावे ही फेरी 2003 पासून आहे. ट्रक, जीप, माणसं सगळं एकदम पार होतं. मुंबईहून मांडव्याला 2020 पासून गाड्या नेणारं मोठं जहाज सुरू झालं. या बोटींनी कोकणातल्या लोकांचा मोठा वळसा वाचवला. पण त्यांची सगळी रचना गाडी धरून असते. उतार गाडीचा, मधली जागा गाडीची. पायी माणूस त्याच उतारावरून चाकांच्या मधून वाट काढतो. परदेशातही हेच. इंग्लंडमधल्या डोव्हरहून फ्रान्समधल्या डंकर्कला जाणाऱ्या फेरीत गाडी किंवा सायकल असेल तर घेतात, नुसता पायी माणूस घेत नाहीत. इतक्या श्रीमंत देशातसुद्धा चाक असलेल्याला समुद्र ओलांडता येतो आणि पायी माणसाला दुसरी वाट शोधावी लागते. तेव्हा हा फक्त मागासलेपणाचा प्रश्न नाही. प्रवासी म्हणजे कोण, हे ठरवणारे कोण आहेत, त्याचा हा प्रश्न आहे.

उलट बाजूही आहे. गोव्यात सरकारच्या नदी परिवहन खात्याच्या फेरीबोटींत पायी माणसाला तिकीट नाही. चारचाकीवाला पैसे देतो. तिथे नदी ओलांडणं म्हणजे रस्त्यावरून चालणं असं मानलं आहे. रस्त्यावर चालायचे पैसे आपण कोणाला देतो का? केरळात 2023 च्या एप्रिलमध्ये कोचीची जल-मेट्रो सुरू झाली. तिचे धक्के तरंगते आहेत. पाणी वर आलं तर धक्का वर येतो, पाणी उतरलं तर खाली जातो. बोट आणि धक्का एका पातळीत, चाकाच्या खुर्चीवरचं माणूससुद्धा सरळ आत जातं. आपल्याला मेट्रो नको. पण काठ आणि नाव यांच्यात अंतर राहू नये ही कल्पना लाकडी फळीनेही अमलात येते.

कायदा काय म्हणतो

1878 साली इंग्रजांनी उत्तर हिंदुस्थानच्या नावांसाठी कायदा केला. तो मध्य प्रांतालाही लागू होता आणि आपला चांदा जिल्हा तेव्हा मध्य प्रांतात होता. इंग्रजांना बायांची काळजी नव्हती, त्यांना घाटाच्या लिलावाचा पैसा पाहिजे होता. तरीही त्या कायद्यात लिहिलं होतं की, ठेकेदाराने नावेच्या दराचा फलक घाटाजवळ ठळक जागी, लोकांच्या भाषेत लावला पाहिजे. जवळजवळ दीडशे वर्षं झाली. आज तुमच्या घाटावर असा फलक आहे का, ते उद्या जाऊन बघा.

त्यापेक्षा महत्त्वाचा कायदा आपल्या हातातला आहे. 73वी घटनादुरुस्ती 1992 साली झाली आणि 24 एप्रिल 1993 पासून लागू झाली. तिने घटनेला अकरावं परिशिष्ट जोडलं. पंचायतींकडे सोपवता येतील असे 29 विषय त्यात आहेत. तेरावा विषय वाचा. रस्ते, मोऱ्या, पूल यांच्याच ओळीत नावेने नदी पार करण्याची सोय आणि जलमार्ग लिहिलेले आहेत. ज्या घटनादुरुस्तीने बाईला पंचायतीत राखीव जागा दिली, तिनेच नावेचा घाट पंचायतीचा विषय म्हणून लिहून ठेवला. महाराष्ट्रात तर आता निम्म्या जागा बायांच्या आहेत. रस्त्याचं खडीकरण, सभामंडप, गावाची कमान यांचे ठराव होतात. घाटाचा ठराव किती गावांत झाला?

2021 साली देशात नवा अंतर्देशीय जलयान कायदा झाला. त्यात यंत्र नसलेल्या नावांचाही विचार आहे, त्यांची नोंद स्थानिक पातळीवर व्हावी असं धरलेलं आहे. तेव्हा "डोंग्याला कुठला कायदा?" असं कोणी म्हणालं तर त्याला हे सांगा.

बंदी हे उत्तर नाही

अपघात झाला की पहिला हुकूम निघण्याचा धोका असतो तो नाव बंद करण्याचा. नावाड्यावर गुन्हा, डोंगा जप्त, विषय संपला. याला आपण हो म्हणता कामा नये. नाव बंद झाली तर बाई घरी बसणार नाही. ती पाण्यातून चालत जाईल किंवा रात्री लपून चालणाऱ्या नावेत बसेल, किंवा तिची मजुरी बुडेल, पोरगी शाळा सोडेल. सुरक्षेच्या नावाने बाईचं जाणं-येणं बंद करणं आपल्या ओळखीचं आहे. अंधारात छेडछाड झाली तर मुलीलाच घरात ठेवायचं, तसंच हे.

नावाडी बहुतेक ढिवर समाजाचा, आपल्यासारखाच गरीब. त्याचा डोंगा जुना आहे, कारण दुरुस्तीला त्याच्याकडे पैसा नाही. तो जास्त माणसं घेतो, कारण एका फेरीत त्याचं पोट भरत नाही. त्याची चूक असेल तिथे त्याला जाब विचारायचा. पण त्याला एकट्याला पुढे करून ज्यांनी घाटाकडे कधी पाहिलं नाही त्यांना सोडून द्यायचं नाही. बाई आणि नावाडी यांचं भांडण लावून कोणाचा फायदा होतो, ते समजून घ्या.

मागायचं काय

आपल्या मागण्या फार मोठ्या खर्चाच्या नाहीत.

पहिली: माणसांच्या घाटांची यादी. दोन्ही जिल्ह्यांनी एकत्र बसून करावी आणि प्रत्येक घाटाला एक जबाबदार अधिकारी नेमावा, मग पाणी कोणत्याही हद्दीतलं असो.

दुसरी: प्रत्येक डोंग्याची नोंद, दरवर्षी पावसाळ्याआधी तपासणी आणि दुरुस्तीला नावाड्याला मदत.

तिसरी: नावेच्या अंगावर एक पांढरी रेघ. ही रेघ पाण्याला टेकली की एकही माणूस जास्त घ्यायचं नाही. इंग्लंडमध्ये सॅम्युअल प्लिमसोल नावाच्या खासदाराने जास्त माल भरून बुडणाऱ्या जहाजांविरुद्ध लढून 1876 साली अशी रेघ कायद्याने सक्तीची करून घेतली. खलाशांचे जीव वाचावेत म्हणून. त्याला लागतो फक्त रंगाचा डबा. अक्षर न येणाऱ्या बाईलाही ती रेघ वाचता येते.

चौथी: जितकी माणसं तितकी लाइफ जॅकेटं, आणि ती ग्रामपंचायतीच्या कपाटात नकोत, नावेत पाहिजेत. बाईच्या आणि लेकराच्या मापाचीही पाहिजेत.

पाचवी: काठाला पायऱ्या, चढायला फळी, बसायला सावली आणि दराचा मराठी फलक. शाळकरी मुली, पोटुशी बाया आणि रुग्ण यांना नाव मोफत. त्याचे पैसे नावाड्याला पंचायतीने द्यावेत, म्हणजे तो त्यांना टाळणार नाही. नावेत गाडी आणि माणसं एकाच फेरीत नकोत.

सहावी: धरणातून पाणी सोडायच्या आधी घाटावर दवंडी. निरोप मोबाईलवर येतो आणि मोबाईल घरच्या पुरुषाकडे असतो. बाई त्या वेळी नदीच्या मध्ये असते.

सातवी: शेतमजूर बाईला कामावर जाता-येता अपघात झाला, तर सातबारा न मागता भरपाई. ही मागणी वरपर्यंत न्यावी लागेल.

ग्रामसभेच्या आधी महिलांची वेगळी सभा घ्यायची असं आपल्या ग्रामपंचायत कायद्यात आहे. बऱ्याच गावांत ती नुसती सह्यांवर होते. पुढच्या वेळी ती खरी घ्या आणि हा एकच विषय मांडा. त्याआधी एक काम करा. तुमच्या घाटावर दोघी-तिघींनी सकाळी सहा ते संध्याकाळी सहा एक दिवस बसायचं आणि वहीत लिहायचं: किती बाया गेल्या, किती पुरुष, किती पोरी, कोण कशासाठी, किती पैसे दिले. जिला लिहिता येत नाही तिने मोजायचं, जिला येतं तिने लिहायचं. सरकारकडे जो आकडा नाही तो तुमच्याकडे असेल. मग साहेब "इथे फार कोणी जात नाही" असं म्हणू शकणार नाहीत.

गणपूरच्या सहा बायांची नावं त्यांच्या गावाला माहीत आहेत. सरकारच्या दप्तरी त्या एका दुर्घटनेचा आकडा झाल्या. पुन्हा तसा आकडा होऊ नये म्हणून रोवणी सुरू व्हायच्या आत, म्हणजे नदी भरायच्या आत, आपल्या घाटांच्या वह्या भरून इथे ब्रह्मपुरीला आणायच्या आहेत. पलीकडच्या काठावरच्या मैत्रिणींनी वडशाला आणाव्यात. दोन्ही तहसीलांत एकाच दिवशी निवेदन देऊ. नदीची हद्द त्यांनी वाटून घेतली आहे, आपण नाही.

जिंदाबाद!